तालमीतली मेहनत आणि लढतीची रीत: नव्या पैलवानांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरातल्या एका तालमीत मी वयाच्या तेराव्या वर्षी आलो. आज संध्याकाळच्या लहान पोरांची मेहनत करून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. दर जूनमध्ये नवी पोरं येतात, त्यांच्यासोबत आई-बापही येतात, आणि प्रश्न तेच असतात. ते एकदा नीट लिहून ठेवतो आहे. कुस्ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असलं तरी ज्युदो, कराटे शिकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिल्या दिवशी तालमीत आल्यावर काय करायचं?

चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे. मारुतीला आणि वस्तादांना नमस्कार करायचा. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरताना चिमूटभर माती कपाळाला लावायची. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, हातातला गंडा घरी ठेवून यायचं, कारण कड्यात अडकून जोडीदाराचं बोट मोडतं. नखं कापलेली हवीत, हाताची आणि पायाचीही. पायाच्या नखाने पोटरी कशी फाटते ते एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

पहिला महिना कुणी तुम्हाला लढत देणार नाही. माती उकरायची, पडायला शिकायचं, मोठ्यांच्या लढती बघायच्या. बघणं हाही सराव आहे. जो पोरगा कठड्यावर बसून मोबाईल बघतो, त्याची प्रगती हळू होते असा माझा अनुभव आहे.

माती उकरायला का लावतात? ते काम हमालाचं नाही का?

हा प्रश्न पालक जास्त विचारतात. माती रोज उकरली नाही तर दगडासारखी बसते, आणि दगडावर पाठ टेकवायची कुणाची इच्छा नसते. तुम्ही ज्या मातीवर पडणार ती मऊ आहे की नाही, हे तुमच्याच हातात दिलेलं असतं. तुमच्यानंतर पडणाऱ्याची काळजीही त्यातच आली.

शिवाय ताकदीच्या दृष्टीने हा अस्सल व्यायाम आहे. फावडं मारताना कंबरेतून वाकायचं, पाठ सरळ ठेवायची, मांडीच्या मागच्या भागाने ओढायचं आणि मूठ घट्ट ठेवायची. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढायचा डाव, काढताना नेमकं हेच लागतं. पाठ गोल करून फावडं मारलं तर मात्र कंबर धरते, म्हणून आम्ही पहिले आठ दिवस फक्त वाकायची पद्धत बघतो. माती किती उकरली ते कुणी मोजत नाही.

ही नुसती शेतातली माती नसते. लाल माती चाळून तिच्यात हळद, काव, कापूर, लिंबू, ताक, तेल घालून ती मुरवलेली असते. म्हणून तिच्यात थुंकणं, चूळ भरणं किंवा चपलेने पाय ठेवणं कुणालाही खपत नाही.

रोज किती जोर-बैठका माराव्यात? जुने मल्ल हजारांनी मारायचे ना?

मारायचे. पण पहिल्या महिन्यात कुणीच हजार मारत नव्हतं, हे सांगायचं राहून जातं.

नव्या मुलाला मी पंधरा-पंधरा जोरांचे चार फेर आणि पंचवीस-पंचवीस बैठकांचे चार फेर देतो. दर आठवड्याला थोडी भर घालायची. जोर मारताना कंबर खाली लोंबली, की तिथून पुढचे जोर मोजायचे नाहीत. बैठकेत गुडघे आत पडू लागले की थांबायचं. सपाट्या (जोर आणि बैठक एकत्र) दुसऱ्या महिन्यात. हनुमान जोर, राममूर्ती बैठका त्यानंतर, आणि त्याही वस्तादांनी शिकवल्यावर.

एक गोष्ट गांभीर्याने वाचा. दोन महिने सुट्टी घेऊन आलेला किंवा अगदी नवीन मुलगा ईर्षेने एका दिवसात पाचशे-सातशे बैठका मारतो. दुसऱ्या दिवशी मांड्या सुजतात, पाय उचलत नाहीत, आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरलेलं असतं आणि मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका असतो. हे अंग दुखणं नव्हे. हळद-दूध पिऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पैजेच्या बैठका आमच्याकडे याच कारणाने बंद केल्या आहेत.

जिममध्ये वजनं उचलली तर अंग आखडतं, चपळाई जाते, हे खरं का?

वस्तादांच्या मागच्या पिढीत हे पक्कं मत होतं, आणि त्यांचा रोख कशावर होता ते मला कळतं. आरशासमोर नुसते दंड फुगवलेला मुलगा हौद्यात दोन मिनिटांत धापा टाकतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण दोष वजनांचा नसतो, निवडीचा असतो. तालमीतही वजनं होतीच की. मुद्गल, करेल, गदा, नाल, दगडी गोटी ही वजनंच आहेत.

जोर-बैठकांची एक मर्यादा आहे. दोनशे जोर सहज निघू लागले की पुढचे दोनशे दम वाढवतात, निव्वळ ताकद फारशी वाढवत नाहीत. समोरच्या सत्तर किलोच्या माणसाला जमिनीवरून उचलायचं तर कधीतरी जड वजन उचलायची सवय लागते. म्हणून सोळाच्या पुढच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस बारबेल देतो. बारबेल घेऊन बैठक, जमिनीवरून उचल, वाकून ओढायचा एक प्रकार, आणि दोर चढणं. पाच-पाच आवर्तनांचे तीन ते चार फेर. प्रत्येक फेरीत अजून दोन निघाले असते, एवढ्यावर थांबायचं. शेवटचा श्वास काढून उचललेल्या वजनाने दुसऱ्या दिवशीची लढत खराब होते.

दोराविषयी थोडं जास्त सांगतो, कारण तो आता अनेक ठिकाणी नुसता लोंबत असतो. पकड, बगल, पाठ, पोट एका वेळी तयार करणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. पाय न लावता चढणारा मुलगा समोरच्याचं मनगट धरतो तेव्हा ते सुटत नाही. उतरताना हात बदलत उतरायचं. घसरत आलात तर तळहाताची साल दोरालाच राहते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. व्यायामाने उंची खुंटेल का?

नाही. देखरेखीखाली, वयाला झेपेल एवढ्या वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही, असंच बालरोगतज्ज्ञांच्या आणि क्रीडावैद्यकाच्या संघटना सांगतात. वाढत्या हाडांच्या टोकांना इजा होते ती वेड्यावाकड्या पद्धतीने किंवा झेपत नसलेलं वजन उचलून. या वयात जोर, बैठका, दोर, मल्लखांब, कोलांट्या आणि धावणं पुरेसं आहे. 'किती वजन उचलतोस रे' असं काकांनी लग्नात विचारू नये, एवढीच विनंती.

मान कशी तयार करायची?

सावकाश. कुस्तीत मान हा पाचवा अवयव आहे, आणि सगळ्यात घाईने बिघडवला जाणाराही तोच. सुरुवात स्वतःच्या तळहाताच्या विरोधाने करा: कपाळावर हात ठेवून दाबायचं, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी दहा सेकंद. महिन्याभराने हातांचा आधार घेऊन डोक्यावर ब्रिज, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान. हात सोडून ब्रिज करायचा तो मान थरथरत नसेल तरच. छातीवर जोडीदार बसवून ब्रिज करताना तुम्ही मोठ्या पैलवानांना पाहिलं असेल. ती वर्षांची कमाई आहे, चौदा वर्षांच्या मुलाने त्याची नक्कल करायची नाही. हातात मुंग्या आल्या किंवा मानेतून कळ दंडात उतरली तर तिथेच थांबायचं आणि त्या आठवड्यात लढत घ्यायची नाही.

आधी मेहनत की आधी लढत?

आमच्याकडे सकाळी लढती आणि संध्याकाळी मेहनत असते. ज्यांना एकच वेळ मिळते त्यांनी अंग गरम करून आधी डाव घोटायचे, मग लढत, आणि ताकदीची मेहनत शेवटी. थकलेल्या अंगाने लढत घेतली की डाव अर्धा लागतो, हात वेळेवर सुटत नाही आणि माणूस वाकडा पडतो. आमच्याकडच्या बऱ्याच दुखापती सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांतल्या आहेत. आणि 'एक शेवटची' म्हणून घेतलेली लढत तर टाळाच.

सरावातली लढत आणि मैदानातली कुस्ती, यात फरक काय?

हा मुद्दा नवीन पोरांच्या डोक्यात सर्वांत उशिरा शिरतो.

खासबागेच्या कुस्ती मैदानात शड्डू ठोकून तुम्ही उतरता तेव्हा समोरच्याची पाठ लावायला उतरता. पंच असतात, बक्षीस असतं, चीत झाला की निकाल लागतो. तालमीतल्या लढतीत निकालच नसतो. तिथे तुम्ही दोघं मिळून एक काम करत असता: तुमचा कच्चा डाव त्याच्यावर आजमावता, त्याची तोड तो तुमच्यावर. त्याने स्वतःचं अंग काही वेळ तुमच्या ताब्यात दिलेलं असतं. आला तसा तो घरी गेला पाहिजे, ही जबाबदारी तुमची. तुम्ही कमावलेली ताकद इथे सगळ्यात जास्त लागते ती थांबायला. उचललेला माणूस हवेत धरून अलगद खाली ठेवायला, आपटण्यापेक्षा दुप्पट ताकद लागते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकोणीस वर्षांचा असताना माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या जोडीदाराने मला सगळ्यांसमोर दोनदा खाली घेतलं. तिसऱ्यांदा मी रागाने ढाक (उचलून टाकायचा डाव) मारली आणि त्याच्या अंगावर पूर्ण वजनानिशी पडलो. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या हंगामातलं त्याचं एकही मैदान झालं नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने मला चहा दिला आणि काहीच बोलली नाही. आज पोरांना लढतीला सोडताना मी जे सांगतो, ते त्या चहाच्या कपापासून सुरू झालं.

जोडीदार हलका किंवा नवीन असेल तर कसं लढायचं?

त्याला खेळवायचं. तालमीत हा शब्द फार नेमका आहे. वरचा पैलवान खालच्याला खेळवतो म्हणजे त्याला दमवत नाही, त्याला डाव लावू देतो. पट काढायला जागा द्यायची, चुकला तर निसटायचं, बरोबर लागला तर पडायचं. दहांतल्या चार वेळा तरी त्याचा डाव बसू द्या. नवशिक्याला सलग दहा वेळा आपटून तुम्हाला काहीही मिळत नाही. तो मात्र पुढच्या सोमवारी येत नाही.

यात तुमचाही फायदा आहे. ताकद बाजूला ठेवून लढलं की तुमचा डाव खरा किती आहे ते उघडं पडतं.

वजनात फार फरक असेल, समजा पंधरा किलोंहून जास्त, तर वर पडणारे डाव मारायचेच नाहीत. खडाखडी (उभ्याने पकडीसाठी झटापट), कब्जा घेणं, खालून निसटणं एवढंच खेळा.

आणि समोर मोठा, नावाजलेला पैलवान असेल तर?

आपणहून त्याला लढत मागायची नाही, जोड वस्ताद लावतात. मिळाली तर पाया पडून हात मिळवा आणि मनापासून लढा. घाबरून चिकटून राहणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे. तो तुम्हाला खेळवत असताना त्याच्या ढिलाईचा फायदा घेऊन एकदम जोरात डाव मारणं हा दुसरा. तो हळू आहे तर तुम्हीही हळू. लढत संपल्यावर 'माझं कुठं चुकलं' असं विचारा. बहुतेक मोठे पैलवान याच प्रश्नाची वाट बघत असतात.

'सोड' म्हणणं कमीपणाचं आहे का?

मुळीच नाही. सांध्यावर ताण आला, मान अडकली, श्वास कोंडला की 'सोड' म्हणायचं किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारायची. ऐकणाऱ्याने त्याच क्षणी सोडायचं. 'अजून थोडंच राहिलं होतं' हे वाक्य आमच्या हौद्यात चालत नाही. तोंड दाबलं गेलं तर शब्द फुटत नाही, म्हणून थाप पक्की ठरलेली हवी. आणि समोरचा गुरगुरला, कण्हला, किंवा त्याचं अंग एकदम ढिलं पडलं, तर शब्दाची वाट बघू नका.

कोणते डाव सरावात जपून मारायचे?

ढाक, कलाजंग आणि पाठीमागून उचलून टाकायचे सगळे प्रकार. उचललं की समोरच्याचा एक हात शेवटपर्यंत धरून ठेवायचा, म्हणजे तो फिरून पाठीवर पडतो, डोक्यावर नाही. आतली टांग मारताना त्याचा पाय मातीत रुतलेला असेल तर गुडघ्यावर सगळा पीळ येतो. पाय हलका असेल तेव्हाच टांग घाला. गळा आवळणं, एक-दोन बोटं धरून पिळणं, केस, कान धरून ओढणं सरावातही नाही आणि मैदानातही नाही.

दोन जोड्या एकाच वेळी लढत असतील तर दुसऱ्या जोडीकडे लक्ष ठेवा. जवळ आलात की दोघांनीही थांबायचं आणि मध्ये परत यायचं. अडखळून एकाच्या गुडघ्यावर तिसराच येऊन पडतो, असे गुडघे मी मोजके नाही पाहिलेले.

जोडीदार मुद्दाम जोर काढत असेल, किंवा मलाच राग आला तर?

पहिल्यांदा तोंडाने सांगा: 'हळू घे, सराव आहे.' बहुतेकांना आपण जोरात गेलो हे कळलेलंच नसतं. दुसऱ्यांदा तसंच झालं तर हात जोडून लढत थांबवा आणि वस्तादांना सांगा. बदला म्हणून डाव मारायचा नाही. स्वतःला राग आला हे ओळखायची खूण सांगतो: डाव आठवेनासा होतो आणि दात आवळले जातात. अशा वेळी बाहेर या, पाणी मारा, माती उकरा. त्या दिवशी पुन्हा लढत घेतली नाही तरी कुणी काही म्हणत नाही.

लढतीला नाही म्हणता येतं का?

येतं. 'आज गुडघा दुखतोय', 'ताप होता', 'आज फक्त डाव घोटतो' एवढं पुरे. कारण देण्याची सक्ती नाही. मुलांना हा हक्क आहे हे पालकांनीही ध्यानात ठेवावं; गावाकडून आलेल्या बापासमोर 'नाही' म्हणायला पोराला फार धैर्य लागतं.

मुलींना प्रवेश आहे का? मुलांबरोबर लढत देतात का?

आहे. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. त्यानंतर विचारणा करणाऱ्या आया वाढल्या आहेत, आणि मला त्याचं फार समाधान आहे.

मुलींची जोड शक्यतो मुलींशीच लावतो. वजनाची जोड मिळाली नाही तर मुलाबरोबर, पण मुलीला आधी विचारून. मुलाने लाजून अर्धवट पकड घेऊ नये आणि ईर्षेने आपटूही नये. दोन्ही प्रकारांत तिचा सराव वाया जातो. कुणाचाही, मुलगा असो की मुलगी, लढतीचा व्हिडिओ त्याला न विचारता काढायचा नाही आणि कुठेही टाकायचा नाही.

अंगावर नायटा आला आहे, आलं तर चालेल का?

लढतीला नाही. नायटा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आठवड्यात जातो आणि मग अख्खी तालीम खाजवत बसते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीत अंगावरच्या नायट्याला किमान ७२ तास औषध लावल्याशिवाय आणि डोक्यातल्या नायट्याला १४ दिवस पोटातून औषध घेतल्याशिवाय उतरू देत नाहीत. आम्ही त्याहून कडक आहोत: डॉक्टरांनी 'आता पसरणार नाही' म्हटल्याशिवाय लढत नाही. तोवर बाहेरची मेहनत करा.

औषधाच्या दुकानातून 'खाजेची मलम द्या' म्हणून आणू नका. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि मग महिनोन्‌महिने हटत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस औषध पूर्ण करा. पाण्याने भरलेले बारीक फोड किंवा पू असलेल्या पुळ्या असतील तर तोच नियम.

लढत संपली की लगेच साबणाने आंघोळ. लंगोट रोज धुवायचा, उन्हात वाळवायचा. दुसऱ्याचा पंचा वापरायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

कान सुजला आहे. मोडलेला कान ही पैलवानाची खूण ना?

खूण आहे, पण ती कमावावी लागतेच असं नाही. कान घासला जाऊन आत रक्त साचतं. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांनी ते काढून दाब देऊन बांधलं तर कान पूर्ववत राहतो. तसंच ठेवलं तर घट्ट होतं आणि मग कानाची वळकटी होते. सुई घेऊन तालमीतच फोडायचा प्रकार करू नका, त्यात पू होतो. कानाला टोपी घालून सराव करणाऱ्याला आमच्याकडे कुणी हसत नाही.

डोक्याला मार लागला तर?

त्या दिवशी लढत बंद. 'मी ठीक आहे' असं त्याने दहा वेळा म्हटलं तरी बंद. चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टर. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून जागं करणं अवघड जाणं किंवा हातापायातली शक्ती जाणं यांपैकी एकही दिसलं तर तातडीने मोठा दवाखाना. परत यायचं ते टप्प्याटप्प्याने: आधी चालणं, मग हलकं धावणं, मग एकट्याने डाव, आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच लढत.

खुराक किती लागतो? बदाम-तूप परवडत नाही.

हा प्रश्न विचारताना अनेक बापांचा आवाज खाली जातो, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. थंडाई घोटण्यात तालमीचा जीव आहे, बदाम-खसखस चांगलीच आहे, पण तिच्यावाचून पैलवान होत नाही असं नाही. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या मुलाला नव्वद-पंच्याण्णव ग्रॅम. एक लिटर दुधात साधारण ३२, पाच अंड्यांत ३०, दोन वाट्या उसळीत १५ ते १८, आणि चार भाकऱ्यांत १५ ते २०. झाला की हिशेब. अंडी न खाणाऱ्यांनी मूठ-मूठ फुटाणे, शेंगदाणे आणि दही वाढवावं.

तूप खा, पण मेहनतीच्या हिशेबाने. सराव थांबल्यावरही तोच खुराक चालू ठेवलेल्या जुन्या पैलवानांची साखर आणि रक्तदाब आपण गावोगाव पाहतो.

जिममधला एक जण इंजेक्शन घे म्हणतो. काय करू?

नाही म्हण, आणि त्याच दिवशी घरी आणि वस्तादांना सांग. मेफेन्टरमाइन नावाचं औषध शस्त्रक्रियेच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायला वापरतात. तेच चोरून दम वाढवायला टोचलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात, सवय लागते, आणि उत्तेजकांच्या बंदी यादीत ते आहे. पावडरच्या डब्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. भेसळीचं उत्तेजक पोटात गेलं तरी चाचणीत दोषी तुम्हीच ठरता.

स्पर्धेसाठी वजन उतरवावं का?

अठराच्या आतल्यांनी नाही. खेळता त्या वजनात खेळा, वाढ होऊ द्या. मोठ्यांनी उतरवायचं तर आठवड्याला अर्धा ते एक किलो, जेवणातून. पाणी तोडणं, घोंगडी पांघरून धावणं, जुलाबाची गोळी हे प्रकार जीव घेतात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन पैलवान गेले आणि तिथले नियम बदलावे लागले. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरल्या आणि बाद झाल्या. रात्रभर प्रयत्न करून, केस कापूनही. आदल्या दिवशी त्यांनी तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. ज्या गटात अंग ओढून-ताणून बसवावं लागतं, त्या गटाचा नीट विचार करा.

मातीवर सराव करावा की गादीवर (मॅटवर)?

दोन्हीवर. माती पाय जड करते, दम आणि पकड देते. गादीवर वेग लागतो, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि दहा गुणांची आघाडी झाली की फ्रीस्टाइल कुस्ती तिथेच संपते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गादीची सवय नसताना सहावा क्रमांक काढला आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. आज महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. एक लक्षात ठेवा: मातीत पाय घसरून सुटतो, गादीवर तो चिकटतो. म्हणून गादीवर पहिले दोन-तीन आठवडे गुडघ्याला पीळ देणारे डाव हळू मारा.

पालकांनी बसून बघितलं तर चालेल?

चालेल, कठड्याच्या बाहेर. 'मार, पाड' असं ओरडायचं नाही. घरी जाताना 'आज किती जणांना पाडलंस' असं विचारू नका. 'आज कोणता डाव घोटलास' असं विचारा. आणि पहिल्या महिन्यात येताना मुलाजवळ एक जास्तीचा पंचा, साबण आणि पाण्याची बाटली द्या, बाकी सगळं इथे आहे.